नव्या ट्रॅक्टरला जुनी फळी

मी बुलडाण्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतो. गाडी कुठली, किती वाजता, कोणत्या फलाटावर, हे सांगणं माझं काम. माणूस खिडकीशी येतो, विचारतो, मी सांगतो, तो मान हलवतो, आणि मग बाहेर जाऊन शेंगा विकणाऱ्या बाईला तेच पुन्हा विचारतो. बाई सांगेल ते खरं. माझ्या शब्दाला जगात काडीची किंमत नाही, हे मी कधीच मान्य करून टाकलंय. म्हणूनच, आयुष्यात एकदा मी काहीतरी बोललो आणि अख्ख्या देऊळघाटानं, म्हणजे आमच्या गावानं, ते शब्दन् शब्द पाठ केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मी बोललो ते एवढंच होतं. "त्यात काय? अर्ध्या तासाचं काम आहे."

काम असं होतं. गावाकडं आमचं शेत आहे. शेत पुष्पांजली करते, म्हणजे माझी बायको. मी सुटीच्या दिवशी जाऊन तिच्या कामात अडथळा आणतो. तिनं सीताफळाची बाग लावली. झाडं मोठी झाल्यावर आमचा जुना धिप्पाड ट्रॅक्टर ओळींतून जाईना, गेला तर फांद्या मोडून यायचा. तेव्हा तिनं तो विकला आणि छोटा ट्रॅक्टर घेतला. हा नवा ट्रॅक्टर इतका आटोपशीर आहे की शेजारच्यांच्या म्हशीशेजारी उभा केला तर आधी म्हैस दिसते.

जुना ट्रॅक्टर धामणगाव बढ्याच्या एका माणसानं नेला. नेताना त्यानं पुढचं लोखंडही मागितलं. पुढचं लोखंड म्हणजे ट्रॅक्टरच्या तोंडाशी लावायच्या दोन वस्तू: माती ढकलणारी रुंद फळी आणि कपाशीच्या वाळक्या पराट्यांचा ढीग उचलणारा काटा. तेव्हा माझे वडील, उकंडराव, काठी आडवी धरून त्या लोखंडापुढं उभे राहिले.

"ट्रॅक्टर तुमचा, तुम्ही इकला. फळी माही हाय. थे जाणार नाई."

धामणगावचा माणूस शहाणा होता. त्यानं बाबांच्या मिशा बघितल्या आणि नुसता ट्रॅक्टर घेऊन गेला.

बाबांचंही खोटं नव्हतं. त्या फळीनं त्यांनी अर्ध्या गावाची वावरं सपाट करून दिली होती. कुणाच्या मुलीच्या लग्नाचा मांडव असो की कुणाच्या घराचा पाया, जागा सारखी करायला उकंडरावांची फळी यायची आणि फळीच्या मागं उकंडराव यायचे. ट्रॅक्टर गेला आणि बाबा ओसरीवर बसले. बसले ते बसलेच. शेतात जायचं नाव काढेनात. विचारलं की पांदणीकडं बोट दाखवायचे. आमच्या शेताकडं जाणारी पांदण गेल्या पावसाळ्यात पार उखडली होती. चाकोऱ्यांमध्ये माणूस गुडघ्यापर्यंत जायचा, आणि बाबांचे गुडघे आधीच कुरकुरणारे.

"मामाजी, ट्रॅक्टरवर बसून चला ना," पुष्पांजली म्हणाली.

"त्या खेळण्यावर? मी काय जत्रेत आलो का सूनबाई?"

हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं. अर्धी भाकर खायची, अर्धी कोंबड्यांना टाकायची. आई, म्हणजे आमची तानुबाई, चुलीपाशी बसून मला म्हणाली, "गणेशा, तुह्या बापाचं काही खरं दिसत नाई बाप्पा. असा गप बसलेला मानूस मले नाई पाहावत." मलाही पाहवत नव्हतं, खरं सांगतो. आपला बाप दिवसभर नुसता रस्त्याकडं बघत बसायचा.

मग एका रविवारी बाबांनीच अट घातली. "ज्या दिवशी माही फळी तुमच्या खेळण्याले लागीन अन् पांदण सपाट करीन, त्या दिवशी मी वावरात येईन. तोवर मले कोनी बोलावू नका."

मी आनंदात ते वाक्य बोलून बसलो. अर्ध्या तासाचं काम. दुर्दैवानं शेजारचे उत्तमराव तेव्हा आमच्याच ओसरीवर चहा पीत होते. संध्याकाळपर्यंत ते वाक्य पारापर्यंत पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टरच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फळीचा फोटो बघितला आणि म्हणाला, "सर, ही ह्या मॉडेलची नाही."

"ते मलाही माहीत आहे. ही ह्या मॉडेलच्या जन्माआधीची आहे."

"मग सर, तुम्ही पुढं एक जरी भोक पाडलं तरी वॉरंटी संपली."

"भोक न पाडता बसवा मग."

"भोक न पाडता बसत नाही सर."

हा युक्तिवाद बिनतोड होता. त्यानं मला एक फोन नंबर दिला. मी फोन लावला. एक बाई बोलली की आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मी स्वतः रोज ध्वनिक्षेपकावर बोलणारा माणूस, त्यामुळं तिचा आवाज, तिचे थांबे, तिची स्वच्छ जीभ हे सगळं मी मन लावून ऐकलं. पुष्कळ वेळ ऐकलं. शेवटी एक जिवंत मनुष्य आला आणि म्हणाला की जुनी फळी त्यांच्या संगणकात दिसत नाही, त्यामुळं ती असण्याबद्दल त्यांना काही बोलता येणार नाही. मग मला सेवेबद्दल गुण द्यायला सांगितलं. मी चांगले गुण दिले. बाईचा आवाज खरंच छान होता.

गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. उत्तमराव वाटच बघत होते. या माणसाचं प्रत्येक वाक्य त्यांच्या साडूपासून सुरू होतं.

"माह्या साडूनं बसवली हाय अशीच फळी. छोट्या ट्रॅक्टरले. साखरखेर्ड्याले."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? मी डोयानं पाह्यली. कायले दुकानात जाऊन राह्यला बे? आपली मानसं कायच्यासाठी हायेत?"

पुढच्या सुटीला मी आणि उत्तमराव साखरखेर्ड्याला निघालो. बुलडाण्याच्या बसस्थानकावर उत्तमरावांनी गाडी कोणत्या फलाटावर लागते ते शेंगावाल्या बाईला विचारलं. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

साडू, महादेवराव, मोठा अगत्याचा माणूस. आधी पोहे, मग चहा, मग गोठा, मग नवा बोअर, असं सगळं दाखवून झाल्यावर मी फळीचा विषय काढला. ते आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. फळी तिथंच होती. बकऱ्यांच्या वाड्याला दार म्हणून उभी होती.

"बसली होती ना भाऊ! अशी बसली का इचारू नका," महादेवराव म्हणाले. "फकस्त ट्रॅक्टर वळे ना. सरळ जाय, वळे नाई. सरळ सरळ जाऊन मी उमरखेडच्या रस्त्याले लागलो एकदा. मंग कापून काढली."

"मग आता?"

"आता मस्त हाय. एक बकरी भाईर येत नाई."

निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला. "माप तेवढं बराबर घ्या." परतीच्या वाटेवर उत्तमराव विजयी मुद्रेनं म्हणाले, "पाह्यलं? मी म्हटलं होतं का नाई, बसते म्हणून?"

आता राहिला रहेमतुल्ला. देऊळघाटात वेल्डिंगचं दुकान त्याचंच. आसपासच्या कुठल्याही गावात जा, प्रत्येक दुसऱ्या घराचं गेट रहेमतुल्लाचं असतं आणि ते ओळखू येतं, कारण त्याच्या प्रत्येक गेटावर मोर असतो. कुणी मोर नको म्हटलं तर तो लहान मोर काढतो.

"फळी म्हंजे काय हो गणेशभाऊ, आडवं गेटच," तो म्हणाला. "होऊन जाईन. फकस्त माप द्या."

रहेमतुल्लाचं माप सुतळीचं असतं. टेपवर त्याचा विश्वास नाही. "टेप सगळ्याईचा एकच असते भाऊ. सुतळी ज्याच्या त्याच्या कामाची असते." त्याच्या दुकानात खिळ्यांवर सुतळ्या लटकलेल्या असतात, एका गिऱ्हाइकाची एक, ओळखीला चिंधी बांधलेली. गेट झालं की सुतळी गिऱ्हाइकाला परत. त्यावर पुन्हा कधी वाद होत नाही, असं तो सांगतो. त्या वेळी तो एका लग्नघराच्या गेटात गुंतला होता, म्हणून त्यानं मला कोरी सुतळी दिली आणि घरीच माप घ्यायला सांगितलं.

मी माप घेतलं. असं माप मी आयुष्यात घेतलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या खाली उताणा झोपून मी मागच्या पोलादी पट्टीच्या भोकापासून पुढच्या तोंडापर्यंत सुतळी ताणली, पुष्पांजलीकडून दुसरं टोक धरवलं, पुन्हा ताणली, पुन्हा बघितली आणि विळ्यानं बरोब्बर कापली. तीन लोक कुंपणावरून सल्ले देत होते. एक म्हणाला, जरा ढिली धर. दुसरा म्हणाला, जरा ओढून धर. उत्तमराव म्हणाले की त्यांच्या साडूनं आडवी धरली होती. मी कुणाचंही ऐकलं नाही. सुतळीला लाल चिंधी बांधली आणि ओसरीतल्या खुंटीला टांगली. सकाळी ती रहेमतुल्लाच्या दुकानात दिली आणि ड्यूटीवर गेलो.

आठवड्यानं सांगाडा आला. सांगाडा म्हणजे फळी ज्याला अडकवायची ती लोखंडी चौकट. रहेमतुल्ला स्वतः हातगाडीवर घालून घेऊन आला. निळा रंग दिलेला होता, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी होती आणि मधोमध मोर होता. अंगणात गर्दी जमली. बाबा ओसरीवर पाठ करून बसले होते, पण कान इकडंच होते हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

सांगाडा आखूड निघाला. मागचं भोक जुळवलं तर पुढचं तोंड पोचेना, पुढचं जुळवलं तर मागचं सुटे.

"रहेमतभाई, आखूड केलंत की तुम्ही."

रहेमतुल्लाच्या तोंडावरचा रंगच गेला. इतक्या वर्षांत त्याच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यानं खिशातून लाल चिंधीची सुतळी काढली आणि सांगाड्यावर ताणून धरली. तंतोतंत.

"घ्या. पाहा. सगळे पाहा. माह्या हातची चूक हाय का ही? तुमी आखूड माप देलं भाऊ."

"मी? अहो, मी झोपून माप घेतलंय!"

"झोपूनच घेतलं म्हनून तं असं झालं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मला भयंकर राग आला. रहेमतुल्लालाही आला. आम्ही दोघं चांगले मित्र, पण त्या क्षणी मी त्याच्या मोराबद्दल काहीतरी बोललो आणि तो माझ्या बसस्थानकाबद्दल काहीतरी बोलला. तेवढ्यात आई आतून भाकरी आणि लोणच्याची नवी बरणी घेऊन आली. भांडण असो नसो, दुपार झाली होती आणि दारात आलेलं माणूस उपाशी पाठवायची तिची रीत नाही. तिनं बरणी मधोमध ठेवली. बरणीच्या तोंडाला दादरा होता, म्हणजे ते फडकं असतं ना, ते, आणि दादरा घट्ट बांधलेला होता.

रहेमतुल्ला बोलता बोलता थांबला. बरणीपाशी उकिडवा बसला.

"चाची, ही सुतळी कोठची?"

"खुंटीवर होती बाप्पा. एवढीशी तोडली मी. केवढी लांब होती थे, एवढ्याशानं काय होते?"

त्यानं दादऱ्याची सुतळी सोडली, लाल चिंधीच्या सुतळीला जोडून ट्रॅक्टरवर धरली. भोकापासून तोंडापर्यंत पुरून उरली नाही, कमी पडली नाही. अंगणात असा हशा पिकला की कोंबड्या पळाल्या. मी आणि रहेमतुल्ला एकमेकांकडं बघत राहिलो. मग तोही हसला, मीही हसलो. बाबांच्या पाठीला किंचित हिसका बसल्यासारखा मला वाटला, पण ते हसले की खोकले ते कळलं नाही. आई मात्र रुसली. म्हणाली, आता दादरा कशानं बांधू ते सांगा.

सांगाड्याला तुकडे जोडून लांबी वाढवली. फळी बसली. खरोखर बसली. मी टाळ्या वाजवणार इतक्यात पुष्पांजलीनं विचारलं, "आणि बोनेट कसं उघडायचं?"

नव्या ट्रॅक्टरचं बोनेट पुढं कलून उघडतं. पुढं आता मोर होता. बोनेट उघडलं नाही तर तेल बघता येत नाही, पाणी बघता येत नाही, आणि डिझेलचं तोंडही आतच. म्हणजे टाकीत जेवढं डिझेल आहे तेवढंच या ट्रॅक्टरचं उरलेलं आयुष्य. एक जण म्हणाला, बोनेटच काढून टाका. उत्तमराव म्हणाले, साडूनं काढलं होतं.

रहेमतुल्लानं डोकं खाजवलं आणि मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. सांगाड्याच्या वरच्या भागाचं गेट केलं. एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडीकोयंडा. कडी काढायची, मोर बाजूला लोटायचा, बोनेट उघडायचं, डिझेल टाकायचं, मोर लावून घ्यायचा. त्यानं कुलूप लावायचीही सोय केली होती. माझ्या माहितीत तालुक्यात फाटक असलेला हा एकमेव ट्रॅक्टर आहे.

चाचणीच्या दिवशी सगळं गाव पांदणीच्या तोंडाशी उभं होतं. आईनं फळीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी बसस्थानकावर घालतो तो पांढरा शर्ट घातला होता. काय दुर्बुद्धी सुचली होती कुणास ठाऊक. बाबा ओसरीवरच होते, पण खुर्ची जराशी वळवून बसले होते.

मी ट्रॅक्टर सुरू केला. दांडा ओढला. फळीनं वर यायला हवं होतं. फळी जागची हलली नाही. वर आलं ते मागचं टोक. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून सावकाश, मोठ्या शांतपणे उचलली गेली, मी पुढं घसरलो आणि माझं नाक स्टीअरिंगला लागलं. ट्रॅक्टर तसाच राहिला, तोंड जमिनीत, ढुंगण वर. जुनी फळी जुन्या धिप्पाड ट्रॅक्टरच्या वजनाच्या हिशोबानं केलेली. या बिचाऱ्या नव्याला मागं वजनच नव्हतं.

"दांडा सोड बे! दांडा सोड!" सगळे ओरडले. मी सोडला. चाकं धाडकन खाली आली. माझ्या चष्म्याच्या काचा शाबूत राहिल्या, अब्रू राहिली नाही. उत्तमरावांनी सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खिडकीशी एक अनोळखी माणूस आला. त्यानं चिखलीची गाडी विचारली नाही. त्यानं विचारलं, "साहेब, मागची चाकं किती वाजता टेकतील?" त्या दिवशी मी जेवणाचा डबा परत नेला.

खरी चिंता वेगळीच होती. पाऊस तोंडावर आला होता. एकदा पांदण भिजली की दिवाळीपर्यंत कुणाच्या बापाची तिथं फळी चालणार नव्हती, आणि तोवर माझा बाप ओसरीवरच बसून राहणार होता. त्या संध्याकाळी त्यांनी भाकरीला हातच लावला नाही. मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे गणेशा. जुनं लोखंड हाय. देऊन टाक भंगारात." एवढं शांतपणे म्हणाले की मला रडू कोसळायचं बाकी राहिलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

मग मी हट्टालाच पेटलो. मागं वजन हवं ना, लावू वजन. रहेमतुल्लानं ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यांवर एक लोखंडी पाट बसवून दिला. भोवती कठडा, म्हणजे वजन घसरायला नको. कठड्यालाही मोर होता. त्यावर मातीची पोती ठेवली, ती पहिल्याच हिसक्याला फाटली आणि माती पांदणीत सांडली, म्हणजे पांदण होती त्याहून उंचसखल झाली. मग दगड ठेवले, ते नाचायला लागले. शेवटी उत्तमराव म्हणाले, "मीच बसतो. माह्या साडूनं..." मी पुढचं ऐकलं नाही, त्यांना बसवलं.

आणि जमलं की! उत्तमराव चांगले भरलेले गृहस्थ आहेत. मागची चाकं जमिनीला चिकटून राहिली, फळी उचलली गेली, खाली टेकली, माती ढकलायला लागली. पण उत्तमरावांना न बोलता एका जागी बसणं जमत नाही. थोडं अंतर गेलं की ते "अरे, इकडून घे, इकडून!" म्हणत दाखवायला खाली उतरायचे, आणि ते उतरले की मी पुन्हा नाकावर. ते चढले की चाकं खाली. ते उतरले की चाकं वर. असं कितीतरी वेळ चाललं. लोक हसून हसून बांधावर बसले.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बाबा. ओसरीवरून उठून ते पांदणीच्या तोंडापर्यंत चालत आले होते. मिशा थरथरत होत्या.

"उतर बे उत्तम. वजन म्हनून बसला ना? मंग वजनासारखा बस ना. बोलून कायले राह्यला?"

उत्तमराव उतरले. बाबांनी त्या पाटाकडं, कठड्याकडं, मोराकडं बघितलं. मग रहेमतुल्लाकडं हात केला. रहेमतुल्लानं आणि पुष्पांजलीनं त्यांना धरून वर बसवलं. त्यांची पाठ माझ्या पाठीला आली, तोंड मागं.

"चाल आता," ते म्हणाले. "हळू. माही फळी हाय थे, नांगर नाई."

मी दांडा ओढला. चाकं जागची हलली नाहीत. फळी वर आली. मी श्वास सोडला. बाबा पूर्वीसारखे जाडजूड राहिले नव्हते, पण जेवढे राहिले होते तेवढे पुरले, कारण ते हलत नव्हते.

आता अडचण एवढीच की बाबांचं तोंड मागं असल्यामुळं त्यांना पुढचं काही दिसायचं नाही, झालेलं तेवढं दिसायचं. "उंचवटा राह्यला बे डाव्या अंगाले! मागं घे!" की मी मागं घ्यायचो. "चाकोरी भरली नाई! आंधया झाला का?" की पुन्हा मागं. बसस्थानकात माझं कुणी ऐकत नाही आणि घरी मी सगळ्यांचं ऐकतो, अशी माझी वाटणी आहे. दुपारपर्यंतचं काम संध्याकाळपर्यंत गेलं. पण पांदण अशी झाली की पाण्याचा तांब्या ठेवला असता तर कलला नसता.

टोकाला शेत आलं. बाबा खाली उतरले. सीताफळाच्या ओळींतून काठी टेकत गेले, एका झाडाची फांदी हातात धरून बघितली, मातीचं ढेकूळ उचललं, चुरलं. मग निंबाखाली बसले आणि पुष्पांजलीला म्हणाले, "सूनबाई, भाकर आनली का?" तिनं दिलेली भाकर त्यांनी पूर्ण खाल्ली. मग आणखी मागितली. आई शेजारी बसली होती, तिनं पदर डोळ्यांना लावला. मी ट्रॅक्टरकडं गेलो आणि उगाच मोराची कडी काढून लावून बघितली. माझे डोळे भरले होते, आणि बांधावर उत्तमराव मोबाइल घेऊन उभेच होते.

त्या दिवसापासून बाबा सकाळीच टोपी घालून तयार असतात. गावात कुणाची पांदण, कुणाचं खळं, कुणाच्या मांडवाची जागा असं काम निघालं की लोक फळी मागायला येतात. बाबा सांगतात, "फळी एकटी येत नाई. माह्याशिवाय चालत नाई थे." हे अगदी खरं आहे.

पण पुष्पांजलीला काळजी वाटायची. पाटावर हिसके बसतात, त्यांची कंबर आहे, वय आहे. मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी गुपचूप रहेमतुल्लाला सांगून एक जुना लोखंडी ड्रम काठोकाठ काँक्रीटनं भरून घेतला. अडकवायला वर कडी, आणि अर्थातच मोर. बाबा आंघोळीला असताना लावून टाकू, असं ठरलं. ते आंघोळ लवकर आटपून आले. आम्ही तिघं ड्रम पाटावर चढवायच्या खटपटीत, आणि ते टोपी घालून, काठी घेऊन समोर उभे.

बाबा ड्रमकडं बघत होते. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच होऊ लागला, ओसरीवर असायचा तसा. मला ते बघवेना.

पुष्पांजली एकदम म्हणाली, "मामाजी, हे तुळशीसाठी आणलंय. आत्याबाईंना वृंदावन पाहिजे होतं ना."

"हाव चाचा," रहेमतुल्ला म्हणाला, "तुळशीसाठीच. म्हनून तं मोर काढला."

बाबा जवळ आले. काठीनं ड्रमवर टोकलं. टक्क. वरपर्यंत काँक्रीट.

"सिमिटात तुळस उगवते का सूनबाई?"

पुष्पांजलीनं मान खाली घातली. रहेमतुल्ला वेल्डिंगच्या चष्म्याची काच पुसायला लागला. मी खिडकीत बसून रोज शेकडो प्रश्नांना उत्तरं देतो, तोच मी ड्रमवरचा मोर निरखायला लागलो. बाबांनी आम्हा तिघांकडं एकेक करून बघितलं, आणि मिशांच्या आत काहीतरी हललं. या वेळी ते खोकले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.

"चांगला केला," ते म्हणाले. "ठेवा तिकडं कोपऱ्यात. मी नसन ना, तवा बांधा थो."

आणि कठड्याला धरून ते पाटावर चढून बसले.

"चाल बे गणेशा. ऊन होऊन राह्यलं."

मी ट्रॅक्टर सुरू केला आणि दांडा ओढला. मागची चाकं टेकलेलीच होती.